फुकट, मोफत आणि मुक्त : चित्रसंपादनाची सॉफ्टवेअर आणि व्यावसायिकाचं काम

तत्त्वज्ञान शिकवण्यात उमेद घालवलेल्या माणसाने गिंप आणि फोटोशॉपवर बोलावं, याचं काहींना आश्चर्य वाटलं असेल. त्याला कारणं दोन. एक म्हणजे निवृत्तीनंतर मी ही कामं स्वतः करतो. जुन्या कागदपत्रांची छायाचित्रं साफ करणं, आमच्या अभ्यासमंडळाच्या पुस्तिकांची मुखपृष्ठं करणं वगैरे, आणि ती सगळी मुक्त सॉफ्टवेअरवर. दुसरं असं की 'चांगलं हत्यार कोणतं?' हा प्रश्न जितका कारागिराचा आहे तितकाच तत्त्वज्ञानाचाही आहे.

पाणिनीने करणकारकाची व्याख्या करताना एक फार मार्मिक गोष्ट सांगितली आहे. क्रिया सिद्धीला नेण्यात जे सर्वांत जास्त उपयोगी पडतं, ते करण. म्हणजे हत्याराचं हत्यारपण त्याच्या अंगात नसतं, ते क्रियेच्या संदर्भात ठरतं. कोयता चांगला की वाईट, हे ऊस तोडायचा आहे की कांदा चिरायचा आहे, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. 'गिंप फोटोशॉपइतकं चांगलं आहे का?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो अर्धाच प्रश्न असतो. कोणत्या क्रियेसाठी, ते विचारणाऱ्याने सांगितलेलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नाचे अल्बम, शाळांची ओळखपत्रं, वाढदिवसाचे फ्लेक्स, अधूनमधून एखाद्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल असं त्याचं काम. त्याने मला विचारलं, "सर, दर महिन्याला भाडं भरू, चोरीचं वापरत राहू, की हे फुकटचं शिकून घेऊ?" त्याने प्रश्न अगदी नेमका मांडला होता. अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की इथून पुढच्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, वर्गणीवरच मिळतील. तेव्हापासून फोटोशॉप हे घर नसून भाड्याची खोली आहे. भाडं थकलं की कुलूप, आणि तुमचं सामान आत. आपल्याकडे यावर शोधलेला उपाय म्हणजे पेनड्राइव्हवरून आलेली क्रॅक केलेली कॉपी. ती कुठल्या गल्लीत कोण टाकून देतो, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक असेल, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

तिसरा पर्याय 'फुकटचं'. इथे आपली भाषा फार उपयोगी पडते. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत, आणि त्यामुळे तिकडच्या लोकांना वर्षानुवर्षं खुलासे करत बसावं लागतं. आपल्याकडे मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो मोफत वाटण्यासाठी नव्हे. प्रोग्राम वापरण्याची, त्याचा अभ्यास करून त्यात बदल करण्याची, तो दुसऱ्याला देण्याची आणि बदललेली आवृत्तीही वाटण्याची मोकळीक माणसाला असावी, हा त्यामागचा विचार. गिंप, क्रिटा, इंकस्केप, डार्कटेबल, स्क्रायबस ही या अर्थाने मुक्त आहेत. याउलट ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी मोफत आहे, मुक्त नाही. ॲफिनिटीचं उदाहरण तर अगदी ताजं. ब्रिटनच्या सेरिफ कंपनीचं हे उत्तम सॉफ्टवेअर. कॅनव्हाने २०२४ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये ॲफिनिटी मोफत करून टाकलं. छपाईचे रंग त्यात नीट हाताळता येतात, खर्च शून्य. जरूर वापरा. पण एका कंपनीच्या बैठकीत जे मोफत झालं, ते दुसऱ्या बैठकीत विकतचं होऊ शकतं. मुक्त सॉफ्टवेअरची आज तुमच्याकडे असलेली प्रत मात्र कोणी परत मागू शकत नाही. हा फरक व्यवसाय करणाऱ्याने मनात पक्का ठेवावा, मग हवं ते निवडावं.

मुक्त असण्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते समजायला गिंपचा थोडा इतिहास सांगतो. १९९५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. १९९६ मध्ये लोकांच्या हाती आलं. खिडक्या, बटणं, मेन्यू काढण्यासाठी मुक्त साहित्य हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी तेही स्वतःच लिहिलं. त्याचं नाव जीटीके, आणि त्यावर पुढे लिनक्सचा गनोम हा अख्खा डेस्कटॉप उभा राहिला. मडकं करायला बसलेल्यांनी आधी चाकच घडवलं, असं म्हणा ना!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडच्या काही स्टुडिओंना हे मडकं आवडलं. एक अडचण होती. गिंपमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा होत्या, म्हणजे ८ बिट. चित्रपटाला त्या पुरत नाहीत. आकाशाचा निळा हळूहळू फिका होत जातो, तिथे २५६ छटांत पट्टे दिसू लागतात. १६ बिटांत ६५,५३६ छटा मिळतात. स्टुडिओंनी पैसे घातले, प्रोग्रामर लावले आणि जास्त छटांचं गिंप तयार करवून घेतलं. पण मूळ गिंपच्या मंडळींना ते डागडुजीसारखं वाटलं. त्यांना पायाच नवा घालायचा होता. मग फिल्म गिंप नावाची वेगळी शाखा फुटली. ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने ती 'स्कूबी-डू'सारख्या चित्रपटांच्या कामात वापरली. आणि तो नवा पाया? जीईजीएल हे त्याचं नाव. काम २००० साली सुरू झालं आणि गिंपच्या २.१० आवृत्तीत, २०१८ मध्ये, साध्या वापरणाऱ्याला जास्त छटा मिळाल्या. अठरा वर्षं! मुलगा जन्मून मतदानाला जाईपर्यंतचा काळ.

मी यात कोणाला दोष देत नाही. नवा पाया घालण्याचा निर्णय तात्त्विकदृष्ट्या बरोबरच होता, आज ते दिसतंय. पण हे काम करणारी माणसं मोजकी, बहुतेक आपापली नोकरी सांभाळून लिहिणारी. पुढे काय करायचं ते तेच ठरवतात, कारण हात त्यांचे आहेत. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला निदान ओरडता तरी येतं. इथे ओरडायचं कोणावर? तुम्ही म्हणाल, विकतच्या सॉफ्टवेअरला कंपनीची जबाबदारी असते. त्यांचा करारनामा एकदा नीट वाचा. नुकसानभरपाईच्या बाबतीत तिथेही हात झटकलेलेच असतात, फक्त भाषा जास्त सभ्य असते.

तर आता क्रियांकडे. निव्वळ चित्रावरच्या कामात, म्हणजे उजेड-अंधार सावरणं, रंग सुधारणं, थर आणि मास्क, जुन्या फोटोवरचे ओरखडे काढणं, पार्श्वभूमी कापणं, यांत गिंप पुरेसं समर्थ आहे. कॅमेऱ्याच्या रॉ फाइली धुण्यासाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी आहेत, आणि ती नुसती पुरेशी नाहीत, चांगलीच आहेत. एकच क्लिक करून माणूस निवडणं, नसलेला हात किंवा फांदी यंत्राने भरून देणं, या नव्या सोयींत विकतची सॉफ्टवेअर पुढे आहेत. रोज दोनशे फोटो कापणाऱ्याला हा फरक खिशात जाणवतो. चित्राच्या दर्जात मात्र बघणाऱ्याला फरक ओळखता येणार नाही. अडचण चित्रात नाही, ते तुमच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर जातं तिथे आहे.

पहिलं टेबल प्रेसवाल्याचं. पडदा रंग दाखवतो तो उजेडाने : लाल, हिरवा, निळा. याला आरजीबी म्हणतात. कागदावर रंग येतो तो शाईने : सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. ते सीएमवायके. उजेड मिसळला की पांढऱ्याकडे जातो, शाई मिसळली की काळ्याकडे. त्यामुळे पडद्यावरचे काही रंग कागदावर येऊच शकत नाहीत. झगझगीत केशरी, गडद निळा, पोपटी हे त्यांतले. पडद्यावर तेजस्वी भगवा दिसतो आणि छापून येतो तो विटकरीकडे झुकलेला. हे सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये होतं. फरक इतकाच की फोटोशॉपमध्ये तुम्ही शाईच्या चार रंगांतच काम करू शकता, प्रत्येक शाईची टक्केवारी हाताने ठरवू शकता. गिंपमध्ये काम आरजीबीतच चालतं. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत छपाईचा अंदाज पडद्यावर बघता येतो आणि काही प्रकारच्या फाइली सीएमवायकेत बाहेर काढता येतात. म्हणजे दाराशी रूपांतर होतं, घरात नाही.

हे बारीक वाटतं, पण काळ्या अक्षरांपाशी येऊन बघा. आरजीबीतला काळा रंग सीएमवायकेत बदलला की साधारणपणे तो चारही शायांचं मिश्रण होतो. ऑफसेटवर चार शायांच्या चार प्लेटा. त्यांतली एक केसभर सरकली तरी बारीक अक्षराला निळी किंवा गुलाबी कड दिसू लागते. आपल्या लिपीत तर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. आठ पॉइंटाचं 'कर्तृत्व' चार शायांत छापा आणि वाचून दाखवा! व्यावसायिक छपाईत बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. मग मुक्त सॉफ्टवेअरवाल्याने काय करायचं? गिंपमध्ये फक्त चित्र करायचं, मजकूर तिथे लिहायचाच नाही. चित्र स्क्रायबसमध्ये न्यायचं, मजकूर तिथे शुद्ध काळ्यात ठेवायचा आणि छपाईची पीडीएफ तिथून काढायची. चित्रच सीएमवायकेत रंगवायचं असेल तर क्रिटा आहे. ते मूळचं रंगवणाऱ्यांचं सॉफ्टवेअर, पण शाईच्या रंगांत काम करण्याची सोय त्यात पहिल्यापासून नीट आहे. थोडक्यात, विकतच्या दुनियेत जे काम एका दुकानात होतं, त्यासाठी इथे तीन दुकानं फिरावी लागतात. सवय झाली की जाच वाटत नाही. घाई असेल तेव्हा वाटतो.

लिपीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे पारडं उलटं झुकतं. मराठी डीटीपीने अनेक वर्षं काढली ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी त्यांत सर्वांना परिचित. या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरंच असत, फक्त त्यांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा! मग युनिकोड आलं. पण त्या काळच्या फोटोशॉपमध्ये युनिकोडात 'विठ्ठल' लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेले ठ दिसायचे. दक्षिण आशियाई लिपींची सोय अडोबीने पुढे दिली, तीही सेटिंगमध्ये शोधून चालू करावी लागे.

गिंपमध्ये 'विठ्ठल' आधीपासून नीट उभा होता. कारण त्याच्या आत अक्षरं जुळवण्याचं काम पँगो नावाची मुक्त लायब्ररी करते. 'पॅन' म्हणजे ग्रीकमध्ये सर्व आणि 'गो' म्हणजे जपानीत भाषा. सर्व भाषांसाठी, असं ते नावच आहे. तिच्या पोटात आहे हार्फबझ. फारसीतून घेतलेलं नाव, त्यातला 'हर्फ' म्हणजे आपल्याही ओळखीचा, अक्षर. ज्यांना अरबी, फारसी, देवनागरी स्वतःला वाचायची होती, अशा माणसांनी हे लिहिलं. मोठ्या कंपनीच्या बाजारगणितात मराठी वाचकाचा नंबर यायला वेळ लागतो. इथे नंबर लावायची गरजच पडली नाही, कारण ज्याला गरज होती त्याच्याच हातात लेखणी होती. मघाशी मी म्हटलं की काय करायचं ते हात असणारे ठरवतात. हा त्याच गोष्टीचा दुसरा चेहरा. आणि गंमत पुढे आहे. आज फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन यांच्यातही हेच हार्फबझ वापरलं जातं. महिन्याचं भाडं भरून तुम्ही फोटोशॉपमध्ये मराठी लिहिता, तेव्हा अक्षरजुळणीचा आधार मुक्त सॉफ्टवेअरचाच असतो. फॉन्टांचंही तसंच. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट नावाप्रमाणे मुक्त आहे. व्यावसायिक कामात बेधडक वापरा.

स्क्रायबसला मात्र आपली लिपी नीट यायला बराच काळ लागला. पक्क्या आवृत्तीत ती सोय २०२४ च्या १.६ मध्ये मिळाली. त्यामुळे कोणी जुन्या अनुभवावरून 'त्यात मराठी फुटतं' असं सांगितलं तर आधी आवृत्ती विचारा.

दुसरं टेबल ग्राहकाचं. ग्राहक काय म्हणतो? "नवरीचा चेहरा जरा उजळ करा." तुम्ही करता. आठ दिवसांनी नवरीची आई येते. "नको हो, आधीचाच बरा होता. पण शालू तसाच ठेवा." आता चेहरा मागे न्यायचा आणि शालू ठेवायचा. यासाठी बदल चित्रात मुरवून न टाकता वेगळा ठेवता आला पाहिजे, म्हणजे तो हवा तेव्हा काढता, कमी-जास्त करता येतो. फोटोशॉपमध्ये अशा बदलांचे थर १९९६ पासून आहेत. गिंपमध्ये फिल्टर असे सुटे ठेवण्याची सोय आली ३.० मध्ये, २०२५ साली. याला मी गिंपची सर्वांत मोठी उणीव म्हणत होतो, आणि ती आता बरीचशी भरून निघाली आहे. तरी थरांच्या प्रती काढत, नावं देत काम करण्याची शिस्त सोडू नका. डार्कटेबलमध्ये हा प्रश्न कधी नव्हताच. ते मूळ फोटोला हात लावत नाही, नुसती पाककृती शेजारी लिहून ठेवतं.

तिसरं टेबल सहकाऱ्याचं, आणि इथे खरी कोंडी आहे. जाहिरात संस्थेकडून पीएसडी फाइल येते. गिंप ती उघडतं, पण मजकुराचा थर बहुतेकदा चित्र होऊन येतो, अक्षर बदलता येत नाही. गावातल्या प्रेसमध्ये गेलात तर तिथे फोटोशॉपही नाही, कोरलड्रॉ आहे. तुम्ही पीडीएफ पुढे केलीत की प्रश्न येतो, "सीडीआर नाही का?" यात गिंपचा दोष नाही. दुसऱ्याची फाइल वाचता येऊ नये अशी ज्याने ती बांधली, त्याचा आहे. पण प्रेसच्या काउंटरवर उभं राहून हा युक्तिवाद करता येत नाही. मी केला आहे, उपयोग झाला नाही. तिथे चालतं ते एकच : आधी फोन करून काय चालेल ते विचारणं, आणि पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवून देणं.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत त्यांतल्या दोन-तीन घेतो. एका ताईंनी विचारलंय, गिंपवर केलेलं काम विकलं तर कायद्याने चालतं का? चालतं. गिंपचा परवाना गिंपच्या प्रतींना लागू आहे, तुमच्या चित्राला नाही. सुताराच्या करवतीचा परवाना टेबलावर चढत नाही.

दुसरी चिठ्ठी नोकरीबद्दल. मुलाला जाहिरात संस्थेत किंवा वर्तमानपत्रात लागायचं असेल तर? तर त्याला फोटोशॉप शिकवा. यात तत्त्वाचा प्रश्न आणू नका. तिथे फाइली दहा हातांतून फिरतात आणि परवाना संस्थेचा असतो. त्याने घरी गिंपही शिकावं, कारण थर, मास्क, कर्व्हज हे विचार एकच आहेत, बटणांच्या जागा तेवढ्या वेगळ्या. जो फक्त बटणांच्या जागा शिकला, तो पुढच्या आवृत्तीलाच अडखळतो.

आणि शेवटची, स्टुडिओवाल्यांची. तुमची कामं वहीत दोन रकान्यांत मांडा : कुठली फाइल तुमच्याकडून तयार चित्र म्हणून बाहेर जाते, आणि कुठली दुसऱ्याला उघडून दुरुस्त करावी लागते. लग्नाचे अल्बम छापणाऱ्या लॅबला साधारणपणे आरजीबीतली जेपेग फाइलच लागते. फ्लेक्सवाल्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर रंगांचं रूपांतर स्वतः करतं. ओळखपत्रं तुमच्याच प्रिंटरवर निघतात. पहिल्या रकान्यातलं हे सगळं काम उद्यापासून मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ शकतं, सीएमवायकेचा संबंधच येत नाही. दुसऱ्या रकान्यात वर्षाला चार-पाच कामं असतील. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत तीन होती. पतसंस्थेचा अहवाल आणि दोन निमंत्रणपत्रिका. त्यांपैकी अहवाल त्याने स्क्रायबसमध्ये केला, छपाईआधी प्रेसकडून एका पानाचं प्रूफ काढून घेतलं आणि काळी अक्षरं भिंगाखाली बघितली. पत्रिकांसाठी तो अजून शेजारच्या डीटीपीवाल्याकडे जातो.